कोऱ्या मांजरपाटाची गोधडी

माझ्या हाताला शिवण नाही, असं आईने मी नऊ-दहा वर्षांची असतानाच जाहीर करून टाकलं होतं, आणि तिच्या निकालावर आमच्या मजल्यावर अपील नव्हतं. त्यामुळे पुढची पन्नास वर्षं मी सुईच्या वाटेला गेले नाही. ब्लाउजचा हुक तुटला की सेफ्टी पिन. दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात तेहतीस वर्षं कारकुनी केली, रजिस्टरं लिहिली, दाखले दिले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्या नोकरीने मला एक सवय लावली. रजिस्टरात चूक झाली तर ती खोडायची नाही. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं आणि बाजूला सही करायची. खालची चूक वाचता आली पाहिजे. व्हाइटनर लावणाऱ्या नव्या मुलींशी मी कडाकडा भांडत असे. त्या मला मागे काय म्हणत ते मला माहीत आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

अशी मी, साठीला टेकल्यावर, गेल्या वर्षी गोधडी शिवायला घेतली. कारण एकच होतं. बाबांना थंडी वाजत होती.

डिलाईल रोडवरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो, बाबा आणि मी. बाबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. संप होईपर्यंत गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते. मागच्या होळीनंतर त्यांना न्युमोनिया झाला. परळच्या हॉस्पिटलात बारा दिवस काढून घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की छाती गरम राहिली पाहिजे, पुन्हा असं झालं तर त्यांना झेपणार नाही. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ऐन वैशाखात आमच्या खोलीत पंखा बंद, माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ, आणि बाबा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत पडलेले.

पांघरुणं काय कमी आणली मी? दादरहून एक ब्लँकेट आणलं, ते टोचतं म्हणाले. कापसाची दुलई आणली, तिच्या वजनाने त्यांचा श्वास कोंडायला लागला. धाकट्या भावाने ऑनलाइन एक गुबगुबीत प्रकरण मागवून दिलं, ते इतकं गुळगुळीत की अंगावर ठरेना. प्रत्येक पांघरूण आलं की बाबा त्याचा काठ अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळून बघत, आणि "ह्यां कापड न्हय" म्हणून मोकळे होत. सकाळी मी उठावं तर पांघरूण जमिनीवर आणि बाबांचे पाय बर्फ. मग एक दिवस त्यांनी आईची गोधडी मागितली. आईची शेवटची गोधडी दोन वर्षांपूर्वी धुताना माझ्या हातातच विरली होती. ती नाही म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा मी ठरवलं की गोधडी मीच शिवणार. हाताला शिवण नसेल तर नसो, हात तर आहेत.

आईची दोन सुती पातळं शिल्लक होती, एक हिरवं, एक विटलेलं जांभळं. दोन्ही धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. त्यांच्या पोटात घालायला काही अंगाचं, भरीव कापड हवं होतं. आणि तसं कापड घरात होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत, अगदी तळाशी.

त्या कापडाबद्दल सांगायला हवं. संपाच्या थोडे दिवस आधी बाबांनी ते गिरणीतून घरी आणलं होतं. चार वार मांजरपाट, त्यांच्याच साच्यावरचा. नंतर संप झाला, आणि बाबांसाठी गिरणी पुन्हा काही उघडली नाही. बाबांच्या हातचं हे शेवटचं कापड म्हणून आईने ते ट्रंकेत ठेवलं आणि त्याचा देव करून टाकला. दर दसऱ्याला ते बाहेर यायचं. पाटावर तिची कात्री, बाबांचा जुना डबा आणि मध्ये हे घडीचं कापड. त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, मग परत डांबरगोळ्या घालून ट्रंकेत. त्या कापडाला पाणी लागू द्यायचं नाही असा तिचा नियम होता, कारण पहिल्या धुण्यात त्याची खळ निघून जाईल, आणि त्या खळीच्या वासात तिला गिरणी होती. भावाला आणि मला ते वर्षातून एकदा हुंगायला मिळायचं. आई गेल्यावर नऊ वर्षं ही पूजा मी चालवली. घडीसुद्धा आईने घातली तीच राहिली, उलगडायची कधी कुणाची छाती झाली नाही.

आणि आता कापडाची पूजा चालली होती, आणि कापड विणणारा माणूस खाली खाटेवर गारठत होता. मला स्वतःचाच संताप आला. मी ट्रंक खाली काढली, ते कापड बाबांसमोर धरलं आणि विचारलं, गोधडीत घालू का? भांडायच्या पूर्ण तयारीत होते मी. चार मुद्दे काढून ठेवले होते. बाबांनी कापडाकडे बघितलंही नाही. "घी, घाल," एवढंच म्हणाले. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

भांडण झालं ते भावाशी. तो ठाण्यापलीकडे राहतो. गिरणीच्या जागेवर जो काचेचा टॉवर उभा राहिलाय त्यातच एका कंपनीत तो अॅडमिन बघतो, म्हणजे बाप जिथे साचे चालवायचा तिथे लेक एसी चालू-बंद करायला लावतो. त्या टॉवरच्या तळमजल्यावर जुन्या गिरणीच्या आठवणींचं काहीतरी मांडायचं चाललं होतं आणि हे कापड काचेत लावायला देतो असं तो साहेबांना बोलून बसला होता. फोनवर मला म्हणाला, "ताई, तो वारसा आहे, त्याची चिंधी करू नकोस." मी म्हटलं, वारसा खाटेवर पडलाय आणि त्याचे पाय थंड आहेत, येऊन हात लावून बघ. त्याने फोन ठेवला. मी त्याच दुपारी पातळाच्या पोटात मांजरपाट घातला, वरच्या घड्या सोडून, पण आईची मधली दुहेरी घडी तशीच ठेवून.

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत खाट असताना गोधडी पसरायला जागा होत नाही. म्हणून मी दुपारी गॅलरीत बसायला लागले. येणारे-जाणारे गोधडीच्या कडेकडेने, भिंतीला खेटून जायचे आणि जाता जाता दोन शब्द सोडायचे. ताई, कितीला देणार? ताई, रस्ता चुकला वाटतं टाक्यांचा. त्यांचं काही खोटं नव्हतं. माझा धावदोरा करी रोडच्या पुलासारखा वर चढून खाली उतरायचा. एकदा तर तासभर शिवून उठायला गेले आणि गोधडी माझ्याबरोबर उठली. मी माझा गाऊन तिला शिवून टाकला होता. समोरच्या खोलीतल्या काकी हसून हसून दारातच बसल्या.

काकी आईच्या मैत्रीण, मालवणकडच्या. वय ऐंशीच्या घरात, पण बोटं अजून तल्लख. गोधडी कडेने सुरू करून गोल गोल आत न्यायची, मध्ये उडी मारायची नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. त्यांनी माझ्या शिवणीवरून बोटं फिरवली की वाकडा टाका त्यांना न बघता कळायचा, आणि त्या "उसव" म्हणायच्या. मी उसवायची, पुन्हा घालायची. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं की आत काय घातलंयस. बाबांचं गिरणीचं कापड, असं मी सांगितलं, तर बाईंनी दोन्ही हात जोडून गोधडीला नमस्कार केला. पुढे काही विचारलं नाही.

आज विचार केला की हसावं की डोकं आपटावं कळत नाही. ज्यांचा जन्म कापडात गेला अशी माणसं आम्ही. कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं, ते आधी भिजवून घ्यायचं, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं, काकींनाही होतं. पण ते कापड आमच्या मनात कापड राहिलंच नव्हतं. देवाला कोण भिजत घालतो?

गणपती होऊन गेले तेव्हा गोधडी अर्धी झाली होती. पुरते की नाही बघावं म्हणून मी ती एका सकाळी बाबांच्या पायांवर टाकली. त्यांनी काठ चोळून बघितला, काही बोलले नाहीत, पण लाथाडलीही नाही. मला इतका आनंद झाला की मी ती काढून घेतलीच नाही, तशीच त्यांना पेज भरवायला बसले. बाबांचा हात हलला, वाटी उलटली. पेज, वर लिंबाचं लोणचं, सगळं गोधडीवर. मी ती मोरीत नेऊन खसाखसा धुतली, पिळली आणि गॅलरीच्या कठड्यावर टाकली. संध्याकाळी काढायला गेले तर कठड्यावर भलतंच काही वाळत होतं. आतला मांजरपाट आटला होता आणि वरची पातळं होती तेवढीच राहिली होती. सगळी गोधडी चुण्यांनी भरलेली, मध्ये मध्ये फुगे, कडा आवळून आत ओढलेल्या. ओढून सरळ करायला गेले तर दोन ठिकाणी पातळ टरकलं.

काकींनी एक कोपरा हातात घेतला आणि लगेच सोडला. "कोरां होतां मगे तां," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या पण ध्यानात येऊक नाय गो." त्यांच्या मते एकच इलाज होता. सगळी शिवण उसवायची, ते कापड काढून टाकायचं, आणि आत दुसरं काही जुनं घालायचं. भावाला कळलं तेव्हा तो फोनवर रागावला नाही, उलट गोड बोलला, आणि त्याचा मला जास्त राग आला. म्हणाला, बघ ताई, झालं ते झालं, आता ते काढतेच आहेस तर मला दे, सुटलं की रविवारी न्यायला येतो. त्याच्या बायकोने मला मोबाइलवर तीन रजयांचे फोटो पाठवले.

मला रडू आलं, पण रागाचं. तीन महिन्यांचं काम होतं, आणि ते मी हातांनी, बोटांना भोकं पाडून केलेलं होतं. पावसाळा संपत आला होता, पुढे थंडी होती, आणि बाबांची छाती मध्येच घरघरायला लागली होती. ज्याला त्याला मला ती गोधडी कशी सोडून द्यावी हे सांगायचं होतं. मी ठरवलं की सोडणार नाही. ते कापडही काढून टाकणार नाही. चूक कापडाची नव्हती, माझी होती, आणि आता ते धुतलं गेलंच होतं. जे आटायचं ते आटून झालं होतं. आता पुन्हा नव्याने त्याच्या मापाने शिवायचं, एवढंच काम होतं.

उसवायला मला तेरा दिवस लागले. अर्धं ब्लेड घेऊन एक एक टाका उचलायचा, कापायचा, ओढायचा. शिवताना मी वैतागत होते, उसवताना मात्र डोकं शांत झालं. कुठे मी घाई केली होती, कुठे कंटाळले होते, कुठे काकी शेजारी बसल्या होत्या म्हणून टाके सरळ पडले होते, सगळं दिसत होतं. पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे मी एका डब्यात टाकत गेले.

तेराव्या दिवशी रविवार होता आणि भाऊ खरोखरच आला, बरोबर एक मोठी कागदी पिशवी घेऊन. मी शेवटची बाजू उसवत होते. मांजरपाट सुटा झाला. भावाने त्याचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही तो झटकून पूर्ण उलगडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खळ गेलेली, कापड मऊ पडलेलं, लोणच्याचा एक पिवळा डाग. आणि आईने ज्या घडीत ते कायम ठेवलं होतं, त्या घडीच्या खालच्या पदरात, पन्ह्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, वीतभर रुंदीचा एक पट्टा विरळ होता. उभे धागे होते, आडवे मध्येच गायब. पट्ट्यातून खालच्या लाद्या दिसत होत्या.

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला की खसाखसा धुतलंस, ब्लेड चालवलंस, चाळीस वर्षं घरात जपलं ते तू फाडलंस. मलाही क्षणभर तेच वाटलं. माझ्या हाताला शिवण नाही हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी खाली बसले.

"तां तिचां नाय," खाटेवरून बाबा म्हणाले. "तां माझां."

बाबा फारसे बोलत नाहीत. हॉस्पिटलातून आल्यापासून तर दिवसाला दहा वाक्यं. त्या दिवशी मात्र त्यांनी मला उशी पाठीला लावायला लावली आणि बोलले. दम लागत होता, म्हणून थांबून थांबून. संपाच्या आधीचे दिवस होते. खात्यात माणसं कमी होती, आणि दोन साच्यांच्या जागी त्यांना एकट्याला चार साचे बघायला लावले होते. दोन पुढे, दोन मागे. एकाचा दोरा सांधत असताना पाठीमागच्या साच्यावर आडवा दोरा तुटला, आणि साचा तसाच चालत राहिला. धावत जाऊन बंद करेपर्यंत वीतभर कापड असं निघालं होतं. खात्याच्या मास्तरने तो तुकडा कापायला लावला आणि सगळ्या खात्यासमोर बाबांच्या खांद्यावर टाकला. घरी ने, म्हणाला, बायकोला लुगडं होईल. आजूबाजूची माणसं हसली. काही भीतीने हसली, काही खरंच.

तो तुकडा घेऊन ते घरी आले. आईने विचारलं हे काय, तर त्यांच्या तोंडून एवढंच निघालं की माझ्या साच्यावरचं. पुढे संप झाला, आणि तेच शेवटचं कापड ठरलं. आईने त्याच्यावर कुंकू वाहिलं तेव्हा सांगायला खूप उशीर झाला होता. हे ऐकताना माझ्या लक्षात आलं की दसऱ्याच्या त्या पूजेला बाबा कधीच घरात नसायचे. सोनं वाटायला म्हणून ते सकाळीच नाक्यावर निघून जायचे, आणि आई त्यांच्यावर दरवर्षी चिडायची.

भावाने विचारलं, मग टाकून का नाही दिलंत?

"टाकून दिलंय असतां तर त्या मास्तराचांच खरां झालां असतां," बाबा म्हणाले. "चार साचे येका माणसान चालवले तर कापड असांच येतला. तेका तां कळाक होयां होतां."

खाली बसस्टॉपवर कुणीतरी जोरजोरात फोनवर बोलत होतं. मला इतका राग आला होता, त्या न बघितलेल्या मास्तराचा, आमच्या झेंडूच्या फुलांचा, आणि थोडा बाबांचाही. चाळीस वर्षं ते एकटेच राहिले, आई होती तोवर तिच्यासमोरसुद्धा. सांगितलं असतं तर आईने कुंकू वाहायचं थांबवलं असतं असं मला वाटत नाही. तिने मास्तराच्या नावाने दोन शिव्या घालून दुप्पट वाहिलं असतं.

मग भावातला अॅडमिन जागा झाला. म्हणाला, बाबा, आता तर हे काचेत लागलंच पाहिजे, ही गोष्ट खाली लिहून लावू, लोकांना कळू दे. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आता कबूल करते. बाबांनी मान हलवली. ज्या आवारात ते खांद्यावर टाकलं गेलं त्या आवारात ते परत जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. भावाने रफूचा विषय काढला. माटुंग्याला एक रफूवाला आहे, धागा धागा भरून देतो, कळणारही नाही. त्यालाही बाबा नाही म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आत नको घालू. वयर घी. दिसां दी."

हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मी तेहतीस वर्षं रजिस्टरात तेच करत आले होते.

त्या दिवशी भावाने कागदी पिशवी घडी घालून परत खिशात ठेवली. जाताना मात्र लगेच निघेना. माझ्या डोळ्यांना आता सुईचं भोक दिसत नाही हे त्याला माहीत आहे. खिडकीजवळ बसून त्याने पाकिटातल्या सगळ्या सुयांमध्ये दोरे ओवले आणि त्या ओळीने कॅलेंडरच्या कागदाला टोचून ठेवल्या. त्यानंतर तो दर रविवारी यायचा आणि आठवड्याच्या सुया ओवून जायचा. प्रदर्शनात त्याच्या साहेबांनी काय लावलं ते मी विचारलं नाही.

मी नव्याने मांडामांड केली. यावेळी दोन्ही पातळं आणि धागेसुद्धा भिजवून घेतले, काकी म्हणाल्या आता पाणीसुद्धा भिजवून घे. मांजरपाट सर्वांत वर आला, विरळ पट्टा बरोबर छातीवर येईल असा. मांजरपाट दुहेरीच घेतला होता आणि त्याच्या दुसऱ्या पदराला भोक नव्हतं, पण मी पट्ट्याखाली तो पदर कापून बाजूला केला आणि तिथे आईचं हिरवं पातळ येऊ दिलं. विरळ धाग्यांमधून ते हिरवं दिसायला लागलं. पट्टा फाटू नये म्हणून त्याच्या दोन्ही कडांना मी अगदी जवळ जवळ टाके घातले, बोटभर जागेत आठ-दहा. माझ्या आयुष्यातले तेवढेच टाके सरळ आहेत. मापाने बघितलं तर गोधडी आता आधीपेक्षा वीतभर आखूड होत होती. काकी काळजीत पडल्या. पण तोवर बाबाही आखूड झाले होते. त्यांना बरोब्बर आली.

गॅलरीतून जाणारे अजून शब्द सोडत होते. ताई, भोक वर कशाला घेतलंत, उलटी घातलीय गोधडी तुम्ही. मी म्हणायची, सुलटी आहे, तू उलटा उभा आहेस. कुणाला कारण सांगितलं नाही. एक खालच्या मजल्यावरचे म्हातारे, पूर्वी साचे खात्यातच होते, ते मात्र थांबले. पट्ट्यावर वाकून बघितलं. "आडवा तुटला होता," म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारलं, "किती साचे?" मी म्हटलं, चार. त्यांनी मान हलवली आणि कठड्याला धरत धरत पुढे गेले.

डिसेंबर लागला. आमच्याकडे थंडी ती काय, पहाटेपुरती, पण बाबांना तेवढी पुरे होती. पुन्हा खोकला सुरू झाला. डॉक्टर येऊन छाती बघून गेले आणि मला म्हणाले, जपा. गोधडीचा एका बाजूचा काठ अजून दुमडून शिवायचा होता, पायांकडचा, दोन हात लांबीचा. एका दुपारी बाबा इतके कापायला लागले की मी ती तशीच, सुई लटकत असलेली, आणून त्यांच्यावर घातली. त्यांनी काठ चोळून बघितला. मग ती हनुवटीपर्यंत ओढली, हात आत घेतले आणि डोळे मिटले. तासाभराने मी पायांना हात लावला तर पाय कोमट होते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि थोडा वेळ उठले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राहिलेली बाजू शिवायला गोधडी मागितली. बाबा देईनात. मी पायांकडून ओढली, त्यांनी आतून धरून ठेवली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या मुठीत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मी समजावलं, दोन दिवसांचं काम आहे, नाहीतर तिथून उसवत येईल. ते म्हणाले, उठूचंय नाय, तशीच शिव. शेवटी मी खाटेच्या पायाशी स्टूल ओढलं, गोधडीचा काठ मांडीवर घेतला आणि त्यांच्या अंगावरच शिवायला लागले.

काकी तेवढ्यात पेजेचं भांडं परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. अंगावर घातलेलं कापड कोणी शिवत नाही, हे आमच्याकडे लहान पोरांनाही सांगतात. तसं फक्त मेलेल्या माणसाचं करतात. काकींनी भांडं खाली ठेवलं, माझा सुईचा हात मनगटाला धरला आणि म्हणाल्या, "नको गो बाय. जित्या माणसाच्या अंगार शिवू नये."

मी थांबले. डॉक्टरांचं 'जपा' माझ्या कानात होतं.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "जित्या माणसाकच थंडी वाजता," ते म्हणाले.

काकींनी माझं मनगट सोडलं. मग त्या पलीकडच्या बाजूला खाटेवर टेकल्या आणि मला शिवता यावं म्हणून त्यांनी काठ ताणून धरला.